बहिणीचे दहा गुंठे की चाळीस? सातबाऱ्यावर बाईचं नाव लागण्याची सगळी वाट

सातबारा उतारा समोर धरा. वर गट नंबर, त्याखाली डावीकडे भोगवटादारांची, म्हणजे जमीन ज्यांच्या नावे आहे त्यांची नावं. प्रत्येक नावापुढे क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि ते नाव ज्या फेरफारानं, म्हणजे दप्तरातल्या बदलाच्या नोंदीनं लागलं, त्याचा क्रमांक. उजवीकडे एक अरुंद रकाना असतो, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाइपलाइनचा हक्क असल्या गोष्टी तिथे लिहितात. सातारा-सांगलीकडचे जुने उतारे काढून बघितले की बायकांची नावं बहुतेक याच रकान्यात सापडतात, बोजाच्या शेजारी. डावीकडे थोरल्या भावाचं नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणी आणि आई उजवीकडे. कुठे कुठे तर आईच्या नावापुढे ‘पोटगीचा हक्क’ एवढंच लिहिलेलं.

कागदावर हे अंतर चार बोटांचं आहे. पण विकास सोसायटी पीककर्ज देताना डावा रकाना बघते. कारखान्याकडे उसाची नोंद डावीकडच्या नावावर होते आणि उसाचं बिल त्याच नावाच्या खात्यात जमा होतं. ठिबकचं अनुदान, पीकविमा, अवकाळीची भरपाई, शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्यांची सुरुवात तिथूनच. पाटण-जावळीच्या डोंगराकडे कर्ता पुरुष मुंबईला माथाडी कामाला आणि भातलावणीपासून मळणीपर्यंत शेत बाईच्या अंगावर, ही रीत कित्येक पिढ्यांची आहे. तासगावकडे द्राक्षाची विरळणी आणि डिपिंग, बेदाण्याच्या शेडवरची निवड बायकाच करतात. तरी गारपीट झाली की पंचनाम्यात नाव लिहिलं जातं ते मुंबईतल्या नवऱ्याचं, नाहीतर वारलेल्या सासऱ्याचं.

कायद्यानं बाईला जमिनीत हक्क देऊन बरीच वर्षं झाली. अडतं ते तलाठ्याच्या दप्तरात, पंधरा दिवसांच्या एका नोटिशीत आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या एका सहीत. म्हणून हा लेख त्या तीन जागांबद्दल जास्त आणि कायद्याबद्दल लागेल तेवढाच आहे.

सांगलीच्या कोर्टातला सात चोविसांश

वाटा कसा निघतो हे समजायला सांगलीतलाच एक दावा उपयोगी पडतो. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला आणि मिळकतीचा ७/२४ हिस्सा मागितला. खालच्या कोर्टानं दिला १/२४. उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. मुलगा गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ एप्रिल १९७८ रोजी तिथेही हिराबाईंचाच ७/२४ कायम झाला. ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ हा निकाल आजही देशभर वाटपाच्या दाव्यांत पुढे केला जातो.

७/२४ आला कुठून? वडिलोपार्जित मिळकतीचं वाटप दोन पायऱ्यांत होतं. पहिली पायरी : वडील वारले त्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असतं तर कोणाला काय मिळालं असतं, हे मनात मांडायचं. त्या काळच्या कायद्यानं वाटेकरी चार : वडील, दोन मुलगे आणि आई. आपल्याकडच्या रीतीनं आई स्वतःहून वाटप मागू शकत नव्हती, पण बापलेकांत वाटप झालं की तिला मुलाइतका हिस्सा होता. म्हणून चौघांना पाव पाव. दुसरी पायरी : वडिलांचा पाव हिस्सा त्यांच्या सहा वारसांत, म्हणजे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली यांच्यात सारखा. पाव भागिले सहा म्हणजे १/२४. हिराबाईंचे ६/२४ अधिक १/२४ असे सात झाले. खालच्या कोर्टानं फक्त दुसरी पायरी धरली होती. पंधरा-सोळा वर्षं कोर्टात काढून या बाईनं पहिली पायरीही मोजायला लावली.

आता त्या तीन मुलींकडे बघा. पहिल्या पायरीत त्या कुठेच नाहीत. प्रत्येकीला १/२४. समजा सहा एकर, म्हणजे २४० गुंठे जमीन आहे. आईला ७० गुंठे, मुलग्यांना ७०-७० आणि मुलींना दहा-दहा. ‘बहिणीचा वाटा असतोय कितीसा’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलं, त्याच्यामागे हा हिशेब आहे.

तो हिशेब आता बदललाय. महाराष्ट्रानं १९९४ साली स्वतःची दुरुस्ती केली आणि २२ जून १९९४ रोजी ज्या मुली अविवाहित होत्या त्यांना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला. त्याआधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीनं लग्न झालेली आणि न झालेली हा भेदच काढून टाकला. मुलगी मुलाइतकीच वाटेकरी. शेतजमीनही त्यात आली. तरी एक शंका राहिली : वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर? ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही.

तीच सहा एकर आता वाटून बघू. पहिल्या पायरीत वाटेकरी सात : वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकाला १/७. वडिलांचा सातवा हिस्सा सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला आणखी १/४२. बेरीज १/६. म्हणजे सहाही जणांना ४०-४० गुंठे. मुलगी दहावरून चाळीसवर आली. आईचे मात्र सत्तरचे चाळीस झाले, आणि हे कोणी बोलून दाखवत नाही. म्हातारपणी आईचा आधार तिचा वाटाच असतो. तिची सही घेताना तर जास्तच जपायला हवं.

वडिलांनी स्वतः खरेदी केलेली जमीन असेल तर पहिली पायरी नाही. मृत्युपत्र नसलं, की पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखं. मृत्युपत्र करून स्वकष्टाची जमीन ते कोणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित जमिनीत मात्र त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं. लग्नात केलेला खर्च वाट्यातून वजा करायची तरतूद कायद्यात कुठेही नाही. हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं झालं. तो जैन, लिंगायत, बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांचे हिस्से वेगळ्या कायद्यानं ठरतात, हा हिशेब त्यांना लावू नये.

मुलींना डावलायला अजून एक वाक्य पुढे येतं : ‘आमचं तोंडी वाटप मागंच झालंय.’ २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं वाटप मोडता येत नाही, हे खरं. नुसतं तोंडी वाटप, ज्याचा सरकारी दप्तरात कुठे मागमूस नाही, ते मुलीच्या हक्काआड सहसा येत नाही.

दप्तरातला प्रवास

खातेदार वारला की हक्क त्याच क्षणी वारसांकडे जातो. नोंद मात्र कोणी केल्याशिवाय होत नाही. महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. वीस वर्षांनीही वारस नोंद होते.

अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करता येतो किंवा हातानं देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि ८-अ (म्हणजे खात्याचा उतारा), सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते लिहिलेली वंशावळ आणि ती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड. हातानं दिला तर पोहोच मागून घ्या. ती देणं तलाठ्यावर बंधनकारक आहे, आणि ‘तुमचा अर्जच आला नाही’ या उत्तरावर तेवढाच एक उपाय आहे.

तलाठी हा अर्ज गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत घेतो. गावात चौकशी होते, पोलीस पाटील, सरपंच, शेजारपाजारचे यांना विचारलं जातं. वारस कोण हे ठरल्यावर नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद पडते आणि हितसंबंध असलेल्या सगळ्यांना नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, नोंद प्रमाणित करतात आणि नाव सातबाऱ्यावर येतं. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

बाईचं नाव या प्रवासात कुठे गळतं ते नीट बघायला हवं.

पहिलं म्हणजे वंशावळ. अर्ज करतो भाऊ, वंशावळ लिहितो भाऊ. त्यात मुली लिहिल्याच जात नाहीत. चौकशीत कोणी ‘मुली किती?’ असं विचारलं नाही तर नोंद बिनबोभाट होते. अशा वेळी खोटं प्रतिज्ञापत्र करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, पण ती पुढची गोष्ट. आधी आपलं नाव गळलंय हे बहिणीला कळायला हवं.

दुसरं, नोटीस. ती माहेरच्या पत्त्यावर निघते, जिथे बहीण वीस वर्षांत राहिलेली नाही. घेतो भाऊ, सही करतो भाऊ. याला आता एक चांगला उतारा आहे. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं, की त्या गावात सध्या कोणते फेरफार नोटिशीवर आहेत आणि हरकतीची मुदत कधी संपते ते दिसतं. पैसे लागत नाहीत. वडील वारल्यावर पहिलं वर्षभर दर दहा दिवसांनी माहेरच्या गावाची चावडी उघडून बघायची सवय लावून घ्यावी. मुदतीत एका कागदावर हरकत दिली तर नोंद तिथेच थांबते. ती थांबवणं नंतर प्रांताकडे अपील करण्यापेक्षा शंभर पटीनं सोपं आहे.

तिसरं, नावातला फरक. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव-आडनाव, आधारवर नवऱ्याचं. ‘ही तीच बाई कशावरून’ असा प्रश्न येतो आणि अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र आणि ‘दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद पहिल्याच दिवशी जोडले तर ही अडचण येत नाही. नाव लागताना ते आधारवर आहे तसंच लागेल असं बघा, नाहीतर पुढे अनुदानाच्या वेळी पुन्हा तीच कटकट.

चौथं, तरुण विधवा. नवरा गेला, मुलं लहान. सातबाऱ्यावर मुलाचं नाव येतं आणि पुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालक कर्ता आई. बाईला वाटतं, आपलं नाव आलं. ते आलेलं नसतं. ती तिथे फक्त मुलाची पालक असते. मुलगा अठराचा झाला की ते अपाक कमी होतं आणि आई कागदावरून पुसली जाते. विधवा ही नवऱ्याची पहिल्या वर्गाची वारस आहे. तिचं नाव स्वतंत्र वारस म्हणून आणि मुलाचं अपाक म्हणून, अशी दोन्ही नावं लागली पाहिजेत. तिनं पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा जात नाही.

पाचवं ते जुनं ए.कु.मॅ. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नोंद, थोरला भाऊ डावीकडे, बाकी सगळे इतर हक्कात. यावर उपाय आहे. मूळ वारस फेरफाराची नक्कल काढायची, त्यात आपलं नाव वारस म्हणून आहे हे दाखवायचं, आणि ए.कु.मॅ. कमी करून सगळ्या वारसांना भोगवटादार सदरी घ्या असा अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली गेली, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी. मोहीम गावात येऊन गेली आणि तरी आजोबांचंच नाव उताऱ्यावर असेल, तर अर्ज द्यायला मोहिमेची वाट बघायची गरज नाही.

सही

आता सगळ्यात अवघड जागा. भाऊ फोन करतो, ‘ताई, बुधवारी तालुक्याला ये, सह्या द्यायच्यात.’ ताई जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी असते, दस्त आधीच टाइप झालेला. कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा, दोन सह्या. बाहेर आल्यावर चहा, जमलं तर साडी-चोळी. ताईनं जे दिलं ते चाळीस गुंठे होते, हे कोणी तिथे मोठ्यानं म्हणत नाही.

त्या दस्ताला हक्कसोडपत्र म्हणतात. भावाबहिणीच्या नात्यात त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, म्हणून तो इतका सहज होतो. सोपा आहे तो करायला. मोडायला फार अवघड. एकदा नोंदला की बहिणीला एकटीनं रद्द करता येत नाही. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

सही देऊ नका असं इथे सांगायचं नाही. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. भाऊबीजेला उंबऱ्यात उभं राहायचंय, आईला भेटायला जायचंय. काही घरांत भावानंच आईवडिलांचं आजारपण काढलेलं असतं आणि बहिणीला मनापासून द्यायचं असतं. तिचा निर्णय तिचा. पण तो दस्त वाचून झालेला असावा. दस्त आदल्या दिवशी घरी मागवून घ्यायचा. त्यात कोणते गट नंबर आहेत ते सातबाऱ्याशी ताडून बघायचं. बऱ्याचदा बोलणं एका विहिरीवरच्या तुकड्याचं होतं आणि दस्तात गावठाणातलं घर आणि ‘इतर सर्व मिळकती’ असतात. हक्क कोणाच्या नावे सोडतोय ते बघायचं. ‘मोबदला न घेता’ असं लिहिलंय का, आणि पैसे ठरले असतील तर रक्कम दस्तात आहे का, तेही बघायचं. एका गटाचा हक्क सोडून दुसऱ्या गटात ठेवता येतो, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. दहा गुंठे ठेवून तीस सोडणारी बहीण माहेरशी भांडलेली नसते, तिनं फक्त स्वतःचं नाव शिल्लक ठेवलेलं असतं.

आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. तलाठ्यापुढे ‘मला हक्क नको’ असा साध्या कागदावरचा जबाब दिल्यानं हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. असा जबाब घेऊन बहिणीचं नाव वगळलं असेल तर त्या नोंदीला आव्हान देता येतं. दुसरं, अज्ञान मुलांचा हक्क आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. सासरच्या लोकांनी तरुण विधवेकडून तिच्या आणि मुलांच्या वतीनं एकत्र हक्कसोड घेतलं असेल, तर मुलांपुरता तो दस्त कोर्टात टिकणं कठीण. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, तर त्याहून जपून करावं. त्यात विकण्याचा अधिकार एका ओळीत दिलेला असतो.

नवरा हयात असताना

नवऱ्याच्या जमिनीत बायकोला त्याच्या हयातीत मालकी नसते. ती वारस होते तो गेल्यावर. पण नवऱ्यानं ठरवलं तर तिचं नाव आजच लागू शकतं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम गावोगाव नेली आणि १५ सप्टेंबर १९९२ रोजी शासनानं त्याला निर्णयाची जोड दिली. नवऱ्यानं अर्ज करायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. त्याला शुल्क नाही. मग तिच्या सहीशिवाय ती जमीन विकणं किंवा तारण ठेवणं सोपं राहत नाही, आणि दारूपायी किंवा सावकारापायी जमीन जाण्याला तिथेच लगाम बसतो. यात एक उणीव आहे : सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. वाद झाला तर कोर्ट मागचा दस्त विचारतं. म्हणून जमेल त्यांनी तिच्या हिश्श्याचं नोंदणीकृत बक्षीसपत्रही करून ठेवावं.

परित्यक्तेची स्थिती सगळ्यात कठीण. नवरा जिवंत आहे म्हणून ती वारस नाही, आणि घराबाहेर काढलंय म्हणून सून नाही. वाळवा तालुक्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी, ज्या स्वातंत्र्यलढ्यात प्रतिसरकारबरोबर होत्या, पुढे अशाच बायकांना घेऊन स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि स्वतःची जागा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. घरात मिळणारं स्थान जाईल तेव्हा कागदावरचं नावच उरतं, हे या बायकांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. आज परित्यक्तेला पोटगी मागता येते, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्क मागता येतो. फारकत झालेली नसेल तर नवरा वारल्यावर ती वारस असतेच, त्यानं दुसरीला घरात आणलेलं असलं तरी. आणि माहेरच्या जमिनीतला तिचा हक्क या सगळ्यानं तसूभरही कमी होत नाही.

गटात बसून उतारा वाचणं

हे काम एकटीनं करायला गेलं की घरात वादळ होतं. दहा-पंधरा जणींनी मिळून केलं की ते गावाचं काम होतं. बचत गट त्यासाठी अगदी योग्य जागा आहे.

एका बैठकीत प्रत्येकीनं सासरचा आणि माहेरचा असे दोन उतारे आणायचे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर नुसता बघायला पैसे नाहीत, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. वहीत पाच रकाने आखायचे : गट नंबर, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, त्यातलं वारलेलं कोण, शेवटचा फेरफार क्रमांक. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या वाचू शकतात त्यांनी इतरांचं वाचून दाखवायचं. म्हसवडच्या बायकांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा कित्येकींच्या सहीऐवजी अंगठे होते म्हणून परवाना नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यापुढे सातबाऱ्याचे दोन रकाने वाचणं ही फार मोठी विद्या नाही.

वही भरली की यादी तयार होते : अमुक गटात खातेदार मयत, अमुक ठिकाणी मुली उजवीकडे, अमुक ठिकाणी नुसतं अपाक. ती यादी घेऊन महिला ग्रामसभेत जायचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. तिथे चावडी वाचनाची मागणी ठरावात आणायची. चावडी वाचन म्हणजे तलाठ्यानं गावासमोर एकेक खातं मोठ्यानं वाचून मयत कोण, वारस कोण हे विचारायचं. सगळ्यांसमोर ‘आम्हाला बहीण नाही’ म्हणणं अवघड जातं, आणि कोणी म्हटलंच तर मागं बसलेली म्हातारी बोलते.

ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, म्हणून पुष्कळ गावांत सरपंच बाई आहे. वारस चौकशीत तलाठी सरपंचाला विचारतो, तेव्हा सही करण्याआधी ‘मुली किती, कुठे दिल्यात, त्यांची नावं लिहिलीत का’ हे तीन प्रश्न तिनं प्रत्येक वेळी विचारले, तर वंशावळीतली चोरी गावातच पकडली जाते. त्याला निधी लागत नाही, वरची मंजुरीही लागत नाही. महिला पोलीस पाटील असेल तर तिचंही तेच.

नाव लागल्यावर, किंवा न लागल्यावर

नोंद चुकीची प्रमाणित झाली तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील. मुदत गेली असेल तर ‘मला नोटीस मिळालीच नाही, अमुक तारखेला कळलं’ असं लिहून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. हिस्सा किती हा वाद महसूल अधिकारी मिटवू शकत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात वाटपाचाच दावा. वकिलाच्या खर्चाला घाबरून पुष्कळ जणी इथे थांबतात. उत्पन्न कितीही असो, कोणत्याही महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० ही हेल्पलाइन. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तरी ऑगस्ट २०२५ पासून या दोन्ही जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

नाव लागलं म्हणजे बांध पडला असं नाही. सामाईक सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं असतात, कोणाची बाजू कोणती ते ठरलेलं नसतं. सगळे कबूल असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात आणि भूमी अभिलेख कार्यालय मोजणी करून पोटहिस्सा पाडतं. कबूल नसतील तर कोर्ट. घाई नसेल तर नुसतं नाव लावून ठेवणंही पुरतं. वाटप नंतर कधीही मागता येतं.

पण नाव लागलं की लगेच तीन कामं उरकून घ्यावी : स्वतःच्या एकटीच्या बँक खात्याला आधार जोडणं, शेतकरी ओळख क्रमांक काढणं, सोसायटीचं सभासदत्व मागणं. ऊस असेल तर पुढच्या हंगामाची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात आपल्या नावे द्यायची. बिल त्या खात्यात आलं की वर्षभरात घरातलं बोलणं बदलायला लागतं.

आणि मृत्युपत्र. बाईच्या नावावरची जमीन पूर्णपणे तिची असते, पण ती गेल्यावर कोणाकडे जाईल हे तिनं लिहून ठेवलं नाही तर कायदा ठरवतो. मुलं किंवा नातवंडं नसतील तर आईवडिलांकडून आलेली जमीन परत वडिलांच्या वारसांकडे जाते आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. ज्या भाचीनं सांभाळलं तिला सहसा काहीच मिळत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर चालतं. गट नंबर आणि क्षेत्र लिहायचं, कोणाला द्यायचं ते स्पष्ट लिहायचं, आणि दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा. ज्याला जमीन द्यायची तो किंवा त्याची बायको-नवरा साक्षीदार घेऊ नये.